पैठण : ग्राम्य आणि आरण्य

पैठणास आम्ही आजपावेतों किती वेळां गेलों याची गणती नाहीं. आमचें आजोळ पैठणाहून वरच्या अंगास, गोदावरीच्या कांठीं, एका लहानशा गांवीं होतें. 'होतें' म्हणावयाचें कारण तें गांव आज जमिनीवर नाहीं, पाण्याखालीं आहे. त्याविषयीं पुढें लिहूं. यंदाचें जाणें मात्र नाथांच्या दर्शनाकरितां नव्हतें, कीं षष्ठीच्या यात्रेकरितांहि नव्हतें. आपलें वर्षश्राद्ध गोदातीरीं व्हावें अशी आमच्या वडील बंधूंची अखेरची इच्छा होती. म्हणून माघ महिन्यांत आम्ही, आमची सौ., बंधूंचा मुलगा आणि आमचा बारा वर्षांचा नातू असे चौघे छत्रपती संभाजीनगराहून मोटारीनें निघालों. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचें. वाट सरळ आणि सपाट. वर्णन करण्यासारखें तीवर कांहीं नाहीं.

मोटारींत नातवाचें तोंड एकसारखें चाललें होतें. शाळेनें त्यास एक कल्पित गोष्ट लिहून आणावयास सांगितली होती, व त्यानें विषय निवडला तो असा : आकाशांतील कोठल्याशा दूरच्या ग्रहावर माणसें वस्तीस जातात, जातांना गाई, शेळ्या, घोडे, कुत्रीं बरोबर नेतात, पुढें कांहीं कारणानें माणसें परत फिरतात आणि जनावरें तेथेंच राहतात. त्या ग्रहाचीं स्वतःचीं रानटी जनावरें तेथें आहेतच. "आजोबा, मग आपल्या कुत्र्यांचें काय होईल? तीं तिथलींच होतील, कीं माणसांची वाट पाहात बसतील?" आम्हीं जन्मभर शाळेंत प्रश्न विचारण्याचेंच काम केलें असल्यामुळें उत्तरें देण्याचा सराव आम्हांस कमी. "पैठणास पोहोंचल्यावर पाहूं," असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली.

पैठण हें तसें पाहिलें तर पशूंच्या कथांचें गांव आहे. ज्ञानेश्वरांनीं रेड्याच्या मुखें वेद बोलविले ती जागा नागघाटावर दाखवितात. काशीहून रामेश्वरास चालविलेलें गंगोदक वाटेंत तृषेनें तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखांत ओतणारे नाथ याच गांवचे. बालपणापासून ही कथा ऐकत व पुढें वर्गांत सांगत आलों. परंतु त्या गाढवाचा धनी कोण, हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नाहीं, व कोणा विद्यार्थ्यानेंहि तो विचारला नाहीं. गाढव हें रानांतलें जनावर नव्हे. तें कोणाचें तरी असलेंच पाहिजे. ओझें वाहून झाल्यावर कोणीं तरी तें सोडून दिलें असावें, असें आतां वाटतें.

श्राद्ध यथासांग झालें. उपाध्याय वृद्ध आणि मंत्रोच्चारांत स्वच्छ होते. काकबलीचें पान घाटाच्या कठड्यावर ठेवून आम्ही सर्व कावळ्याची वाट पाहात बसलों. कावळे होते, पण त्यांच्या आधीं कुत्रीं आलीं. चार होतीं. घाटावरचीं कुत्रीं शेपूट हालवीत, अंग चोरीत जवळ येतात, तशीं हीं आलीं नाहींत. एक पुढें, दोन दोहों बाजूंस, एक मागें, अशीं मान खालीं घालून, यत्किंचितहि आवाज न करतां आलीं. पुढल्यानें पान ओढलें आणि क्षणार्धांत चारीहि दिसेनाशीं झालीं. "हीं गांवांतलीं नव्हेत," उपाध्याय म्हणाले, "हीं सागराकडचीं. पाणी ओसरूं लागलें कीं इकडे फिरकतात." दुसरें पान वाढलें, कावळा शिवला, सर्व कांहीं ठीक झालें. तरी पुतण्याचें तोंड उतरलेलें पाहून आमची सौ. त्यास म्हणाली, "अरे, मनास लावून घेऊं नकोस. भावोजींना कुत्र्यांचा केवढा लळा होता, तुला ठाऊक नाहीं का?" हें अक्षरशः खरें होतें, आणि तें ऐकून पुतण्यास बरें वाटलें असलें, तरी आमचें मन मात्र घाटावरून उठून भलतीकडेच गेलें.

आपल्या पूर्वजांनीं पशूंचे ग्राम्य व आरण्य असे भेद फार प्राचीन काळींच केले आहेत. पुरुषसूक्तांत ते आहेत. पुराणांतील एका प्रसिद्ध गणनेंत सात ग्राम्य व सात आरण्य अशी यादीच दिली आहे. ग्राम्यांत गाय, बोकड, मेंढा, घोडा, खेचर, गाढव हे सहा. आणि सातवा कोण म्हणाल, तर मनुष्य! आरण्यांच्या यादींत पहिला मान श्वापदांचा. 'श्वापद' या शब्दाचा अवयवार्थ कुत्र्यासारखे पाय असलेला असा होतो. म्हणजे वाघलांडग्यांस नांव मिळालें तें कुत्र्याच्या पायावरून. पण स्वतः कुत्र्यास ना या यादींत जागा, ना त्या यादींत. वैश्वदेवानंतर त्याच्यापुढें अन्न टाकावयाचें, पण तें अंगणाबाहेर. गणना करणाऱ्यानें त्यास चुकून गाळलें, कीं विचार करून गाळलें, हें सांगवत नाहीं; आम्हांस दुसरें अधिक संभवनीय वाटतें.

जनावर माणसाळवून पुन्हां सोडून देणें हें आपल्याकडे अगदींच अपूर्व होतें असेंहि नाहीं. वृषोत्सर्गाचा विधि वाचकांस ठाऊक असेल. मृताच्या नांवानें वळू डागून सोडावयाचा, त्यास पुन्हां जूं लावावयाचें नाहीं. त्यास पोळ म्हणत. आमच्या लहानपणीं असा एक पोळ आजोळीं होता. कोणाच्याहि शेतांत शिरे, चार तोंडें मारी, आणि शेतकरी त्यास हाकून लावी, पण काठी घालीत नसे. एका धन्यानें सोडला तो साऱ्या गांवानें पत्करला, असा तो व्यवहार होता. गांवच नाहींसें झालें म्हणजे पोळानें कोणाच्या शेतांत शिरावें, याची तरतूद मात्र कोणत्याहि ग्रंथांत नाहीं.

सायंकाळीं आम्ही धरणावर गेलों. या धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें झाली व १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. मातीचा सुमारें दहा किलोमीटर लांबीचा बांध, सत्तावीस दरवाजे, आणि मागें साडेतीनशें चौरस किलोमीटरांच्या घरांत पसरलेलें पाणी. शंभराहून अधिक गांवें त्याच्या पोटांत गेलीं. नाथांच्या नांवावरून त्यास नाथसागर म्हणतात. पैलतीर दिसत नाहीं, म्हणून 'सागर' हा शब्द येथें अतिशयोक्तीचा वाटत नाहीं. नातू बांधावर उभा राहून बराच वेळ पाहात होता. मग म्हणाला, "आजोबा, म्हणजे हा सगळा नवाच ग्रह झाला कीं!"

मुलाचें म्हणणें खोटें नव्हतें. पन्नास वर्षांपूर्वीं येथें ज्वारीचीं रानें, आमराया व नदीचें वाळवंट होतें. पाणी भरलें आणि तेथें जो तो आपापल्या वाटेनें वस्तीस आला. रोहित आले, चक्रवाक आले, करकोचे आले. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आले. इतके कीं १९८६ साली सरकारनें सुमारें ३४१ चौरस किलोमीटरांचें हें क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलें. हे स्वतःहून आलेले. कित्येक आणलेलेहि आहेत. भोई लोकांच्या जाळ्यांत जी चिलापी सांपडते ती मूळची आफ्रिकेंतील मासळी. १९५२ साली ती आपल्या देशांत तळ्यांतून पाळण्याकरितां आणली गेली, आणि आज कोणी पाळीत नसतांहि पाण्यापाण्यांतून वाढते आहे. कांठावर जांभळट फुलें मिरविणारी बेशरम ही दक्षिण अमेरिकेची. आणि तिसरे ते, जे आलेहि नाहींत व कोणीं आणलेहि नाहींत. नुसते मागें राहिले.

आतां आजोळाचें सांगितलें पाहिजे. १९७५ च्या पावसाळ्यापूर्वीं गांव उठलें. आमचें वय तेव्हां चौदा, बंधूंचें अठरा. मामांच्या घरीं वाघ्या नांवाचें तांबडें कुत्रें होतें. तें कोणीं विकत घेतलें नव्हतें कीं कोणीं बांधलें नव्हतें. दाराशीं वाढलें, म्हणून आमचें. बंधूंवर त्याचा विशेष जीव. बैल, गाय, वासरूं, भांडींकुंडीं, देव, सर्व गाड्यांवर चढलें. वाघ्या दोनदां गाडीमागें आला व दोनदां परत फिरून मारुतीच्या पारावर जाऊन बसला. आजोबा म्हणाले, "राहूं द्या त्यास. कुत्र्याची जात, कोठेंहि पोट भरील." पण बंधूंनीं ऐकलें नाहीं. त्यांनीं त्याच्या गळ्यांत दोरी बांधली व ती आमच्या हातीं देऊन ते पुढल्या गाडीवर गेले. वाघ्यानें ओढ घेतली. आमच्या तळहाताचें कातडें सोललें. वेशीबाहेर ओढ्याशीं आम्हीं दोरीची गांठ सोडून दिली, आणि नव्या गांवीं पोहोंचल्यावर दोरी तुटली असें सांगितलें. बंधू दुसरे दिवशीं पायीं परत गेले होते. वाघ्या त्यांस दिसला नाहीं. दोरी तुटली नव्हती, हें त्यांस आम्हीं पुढल्या पन्नास वर्षांत सांगितलें नाहीं. सांगण्याचे प्रसंग पुष्कळ आले. असो.

रात्रीं बिछान्यावर पडल्या पडल्या नातवास आम्हीं ऑस्ट्रेलियाची हकीकत सांगितली, कारण त्याच्या प्रश्नास आम्हांस ठाऊक असलेलें सर्वांत जवळचें उत्तर तें होतें. त्या खंडांत उंट नव्हता. १८६० च्या सुमारास कराचीकडून व इतर ठिकाणांहून उंट नेले. त्यांनीं वाळवंटांतून ओझीं वाहिलीं. पुढें मोटारगाड्या आल्या, उंट निरुपयोगी झाले व सोडले गेले. आज तेथें लाखों रानटी उंट आहेत. त्याच खंडांतील डिंगो म्हणजे सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं माणसांबरोबर नावेंतून गेलेलें कुत्रेंच. आतां त्यास तेथील जंगलचें श्वापद मानतात. आपल्याच देशांत, आसामांतील डिब्रू-सैखोवाच्या जंगलांत घोड्यांचे कळप हिंडतात. दुसऱ्या महायुद्धांतील फौजेच्या छावणींत राहून गेलेल्या घोड्यांचे ते वंशज, असें सांगतात. "म्हणजे साडेतीन हजार वर्षें लागतात?" नातवानें विचारलें. कशास, असें आम्हीं त्यास विचारलें. तोंवर त्यास झोंप लागली होती.

दुसरे दिवशीं पहांटे अंधार असतांनाच निघून आम्ही पाण्याच्या कांठीं गेलों. एका वृद्ध भोयानें वाट दाखविण्याचें कबूल केलें होतें. माघांत पाणी बरेंच मागें हटतें आणि उघडी पडलेली गाळाची जमीन लोक पेरतात. तिला गाळपेर म्हणतात. हरभरा टाचेइतका वर आला होता. त्यापलीकडे चिखल, व चिखलापलीकडे धुकें. धुक्यांतून प्रथम आवाज ऐकूं आला. चक्रवाकांचा आवाज संस्कृत काव्यांत आम्हीं इतक्यांदा वाचला होता. प्रत्यक्ष ऐकिला तेव्हां तो एखाद्या बिघडलेल्या कर्ण्यासारखा लागला. कवि म्हणतात, हीं जोडपीं रात्रीं विरहांत असतात. आम्हांस उजाडण्यापूर्वीं जीं दिसलीं तीं दोन दोन जवळजवळच होतीं. कवींचें खोटें पाडण्याचा उद्देश नाहीं. त्यांनीं इतक्या थंडींत जाऊन पाहिलें नसावें, इतकेंच. उजाडलें तशी पट्टकादंबांची पांढुरकी रांग गाळपेरींत चरतांना दिसूं लागली. पांढऱ्या डोक्यावर मागल्या बाजूस दोन काळे पट्टे, म्हणून हें नांव. दीडदोनशें असतील. तिबेटापासून मंगोलियापर्यंतच्या मुलखांतून आलेला हा पक्षी मराठवाड्याचा हरभरा खात होता, आणि भोई त्याजकडे शेजाऱ्याच्या गुरांकडे पाहावें तसा पाहात होता.

डाव्या हातास तीन गाढवें उभीं होतीं. त्यांच्या पाठीवर ओझ्याचे जुने वण होते. दावें कोणासहि नव्हतें. वीटभट्टीवरच्या लोकांनीं टेंपो घेतला व हीं सोडलीं, असें भोयानें सांगितलें. २०१९ च्या पशुगणनेंत साऱ्या देशांत गाढवें अवघीं सव्वा लाखाच्या आसपास भरलीं. त्याआधींच्या, २०१२ च्या गणनेंत तीं सव्वातीन लाखांच्या घरांत होतीं. बाकीचीं कोठें गेलीं, याचे हिशेब निराळे. या तिघांस नाथ भेटले नाहींत तरी निदान पाणी तेवढें भरपूर मिळालें होतें.

सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेली गाथासप्तशती याच प्रतिष्ठानाशीं जोडलेली आहे. तींतील एका गाथेंत कोणी स्त्री एका धार्मिक पुरुषास सांगते कीं, आतां खुशाल हिंडा. तुम्हांस भिववणारें तें कुत्रें गोदेकांठच्या जाळींत राहणाऱ्या सिंहानें आज मारलें. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें ध्वन्यालोकांत ही गाथा उदाहरणादाखल घेतली, त्यामुळें ती साऱ्या साहित्यशास्त्रांत गाजली. तिचा व्यंग्यार्थ निराळा आहे व तो नातवासमक्ष सांगण्याजोगा नाहीं. नुसता वाच्यार्थ घेतला, तरी गोदेच्या कांठीं कुत्रें व श्वापद एकमेकांसमोर आल्याचें त्यांत आहे, आणि त्या सामन्यांत कुत्रें हरलें आहे. आम्हीं त्या सकाळीं जें पाहिलें तें याच्या नेमकें उलट.

बेशरमीच्या जाळींतून सहा कुत्रीं निघालीं. घाटावरचीं चार त्यांत होतीं कीं नव्हतीं हें सांगतां येणार नाहीं, चाल तीच. तीं भुंकलीं नाहींत. दोन चिखलाच्या कडेनें वळसा घालून पाण्याच्या बाजूस जाऊन बसलीं, तीन हरभऱ्यांत पोटावर सरकूं लागलीं आणि एक सरळ चालत हंसांच्या पुढ्यांत गेलें. हंस त्याच्याकडे पाहात मागें सरकले, म्हणजे दबा धरून बसलेल्यांच्या जवळ गेले. पुढें काय झालें तें फार थोड्या वेळांत झालें. पंखांचा एकच गजर झाला, सर्व आकाश पांढरें झालें, व खालीं एक उरला. नातवानें आमचा हात घट्ट धरला होता. "आजोबा, हे लांडगेच आहेत," तो म्हणाला.

भोयास याचें नवल नव्हतें. चैत्रवैशाखांत पाणी आणखी उतरलें कीं बेटें जमिनीला लागतात, आणि मग टिटव्यांचीं व सुरयांचीं वाळूवरचीं अंडीं हींच कुत्रीं फस्त करतात, असें तो म्हणाला. एरवीं जाळ्यांतून फेंकून दिलेली बारीक चिलापी आणि सडकेवरच्या खाणावळींचें उष्टें यांवर त्यांचें चालतें. हा प्रकार केवळ पैठणचा नव्हे. देशांतील मोकाट कुत्रीं २०१९ च्या गणनेप्रमाणें दीड कोटींहून अधिक आहेत. २०१८ साली गीरमधील कित्येक सिंह ज्या रोगानें दगावले तो मूळ कुत्र्यांचा. पुणें जिल्ह्याच्या माळरानावर लांडगा व कुत्रें यांच्या संकराचीं जनावरें फिरतात, हें २०२३ साली जनुकांच्या तपासणीवरून ठरलें. तेव्हां लांडगा कोणता आणि कुत्रें कोणतें, हा नातवाचा घोटाळा मोठमोठ्यांचाहि होऊं लागला आहे.

आमच्या हातांत एक पुडकें होतें. आदल्या दिवशीं श्राद्धाच्या स्वयंपाकांतील वडे-पोळ्या आमच्या सौभाग्यवतीनें कुत्र्यांकरितां म्हणून वेगळ्या बांधून दिल्या होत्या. भावोजींच्या नांवानें घाला, असें ती म्हणाली होती. तें पुडकें आम्हीं सोडूं लागलों, तोंच भोई म्हणाला, "मास्तर, टाकू नगा. तुमी आज टाकताल आन उद्या गावाला जाताल. उद्या त्यांनी काय खावं?" आणि त्यानें वर हंसांच्या थव्याकडे हात केला.

आम्ही थबकलों. वैश्वदेव करून कुत्र्यापुढें अन्न टाकणाऱ्या पिढ्या आमच्या मागें आहेत. भोयाच्या बोलण्यास मात्र त्यांच्यापाशीं उत्तर असेल असें वाटेना. पांच कुत्रीं हंसावर होतीं. सहावें, जें सरळ पुढें चालत गेलें होतें तें, बाजूस एकटें बसलें होतें. वयस्क दिसलें, एक कान फाटलेला, रंग तांबूस. या रंगाचीं कुत्रीं या देशांत गणतीवारी नाहींत, हें आम्हांस कळतें. त्यास वाघ्याचा वंशज म्हणण्यास पन्नास वर्षें मध्यें आहेत आणि प्रमाण कांहीं नाहीं. तरी आमच्या तोंडून नकळत "यू, यू" असा आवाज निघाला. बंधू पारावरून वाघ्यास बोलवीत तसा.

त्या कुत्र्यानें डोकें वर केलें. चांगला कान उभा राहिला. मग तें उठलें आणि आमच्या दिशेनें दहा-बारा पावलें चालून आलें. अंग न चोरतां, शेपूट न हालवितां, पण आलें. तेथें तें उभें राहिलें. त्याच्या व आमच्या मध्यें हरभऱ्याचे दोन वाफे होते. नातू कुजबुजला, "आजोबा, त्याला ओळखतां तुम्ही?"

आम्हीं पुडक्याची गांठ पुन्हां बांधली. कुत्रें थोडा वेळ पाहात राहिलें आणि मग वळून आपल्या मंडळींकडे गेलें. परत येतांना वाटेंत आम्हीं नातवास दोरीची हकीकत सांगितली. त्यानें ती नीट ऐकून घेतली आणि विचारलें कीं, ही गोष्टींत घातली तर चालेल का. चालेल, असें आम्हीं म्हटलें.